मला कुणी बोल लावला नाही

आमच्या गावात हिवाळ्यात सकाळ झाली हे उजेडावरून कळत नाही, झडपांच्या आवाजावरून कळतं. साडेसातच्या सुमारास समोरच्या घरातली लाकडी झडप उघडते, भिंतीवर आपटते, आकड्यात अडकते. मग शेजारची, मग कोपऱ्यावरची. धुकं इतकं दाट असतं की चर्चचा मनोराही दिसत नाही. पण गल्ली अरुंद असल्यामुळे समोरच्या खिडक्या तेवढ्या दिसतात.

गाव इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या उत्तरेला, पो नदीच्या सपाट खोऱ्यात आहे. एका बाजूला आल्प्स, दुसऱ्या बाजूला आपेनाइन्स. मधल्या खोलगट भागात थंड, ओली हवा कोंडून राहते आणि तिला हलवायला वारा नसतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कपडे घरातच वाळवायचे, दिवसाही सायकलचा दिवा लावायचा, पाच वाजता कमानींखालून अंधारात घरी यायचं. घर किती तास तापवायचं हेही कायद्यानं ठरवून दिलेलं आहे: आमच्या विभागात १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, साधारण २० अंशांपर्यंत. रात्री रेडिएटर बंद होतात आणि पहाटेपर्यंत फरशी गार पडते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी घरून अनुवादाचं काम करते. आमच्या गल्लीत बाहेरून आलेले आणखी दोघे होते. एक पंजाबातले गृहस्थ, गावाबाहेरच्या गोठ्यात काम करणारे. या भागातल्या दुधाचं पार्मिजानो रेज्जानो चीज होतं. गाईंची धार दिवसातून दोनदा, नाताळला आणि धुक्यातही काढावी लागते, आणि गेल्या तीन-चार दशकांत या कामात पंजाबी माणसं मोठ्या संख्येनं आली. जवळच्या नोव्हेल्लारात २००० साली त्यांचा गुरुद्वारा उभा राहिला. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी त्याच्या उद्घाटनाला आले होते. दुसरी एक मोल्दोव्हाची बाई, समोरच्या म्हाताऱ्या सिन्योरांची देखभाल करणारी. आम्हा तिघांचे राहण्याचे परवाने सारख्याच पोलीस कचेरीतून निघतात, पण शब्द वेगळे आहेत. मी 'एक्सपॅट', ते 'इमिग्रातो', आणि ती 'बादान्ते'.

त्या वर्षी ७ जानेवारीला काय झालं ते सांगते. जुन्या पंचांगाप्रमाणे मोल्दोव्हाच्या पुष्कळ लोकांचा नाताळ त्या दिवशी असतो, म्हणून ती बाई घरी गेली होती. सिन्योरांची मुलगी मिलानहून येऊन राहिली होती. ६ तारखेचा सण आटोपून ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. बाई ९ तारखेला यायची होती. मधले दोन दिवस ८६ वर्षांच्या सिन्योरा एकट्या.

सकाळी सव्वाआठला मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होते. समोरची झडप बंद होती. मनात आलं, सणाचा शीण असेल. नऊ वाजता पुन्हा पाहिलं. बंद. वाटलं, मुलीबरोबर मिलानला गेल्या असतील. साडेदहाला पाहिलं तेव्हा मनात स्पष्ट वाक्य उमटलं: आपण परक्या, आपण कशाला मध्ये पडायचं. मी कामाला बसले.

साडेअकराला ते पंजाबी गृहस्थ सायकलवरून बाजाराला निघाले. थांबले, वर पाहिलं, घंटी वाजवली. तीनदा वाजवली, हाक मारली, मग खालच्या तंबाखूवाल्याला बाहेर बोलावलं. त्याच्याकडे घराची एक किल्ली असायची. दोघं वर गेले. सिन्योरा रात्री न्हाणीघराकडे जाताना पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. सात-आठ तास त्या त्या गार फरशीवर होत्या, शुद्धीवर होत्या. रुग्णवाहिका आली तेव्हा सगळी गल्ली खाली जमली. मीही खाली गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस गावानं तंबाखूवाल्याला धारेवर धरलं. किल्ली तुझ्याकडे, दुकान तिच्या खाली, सातला दुकान उघडतोस, आणि तुला एकदा मान वर करता आली नाही? कॉफीच्या टपरीवर, मासबाहेर, पत्ते खेळताना, सगळीकडे त्याला हेच ऐकावं लागलं. तो काही बोलत नसे, खाली बघून गल्ला पुसत राही. मला कुणी बोल लावला नाही. सिन्योरांची मुलगी मला भेटायला आली तेव्हा मीच काहीतरी अडखळत बोलू लागले. तिनं माझा हात धरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्हांला काय कल्पना असणार? तुम्ही इथल्या नाही."

मला हायसं वाटलं. हे कबूल करायला हवं, कारण पुढचा सगळा विचार त्या हायसं वाटण्यातून सुरू झाला. सकाळी साडेदहाला मी स्वतःला जे वाक्य ऐकवलं होतं, तेच तिनं मला परत दिलं होतं. मी ते पळवाट म्हणून वापरलं, तिनं क्षमा म्हणून. पण वाक्य एकच होतं.

आणि ज्यांनी घंटी वाजवली त्यांचं काय? त्यांचं कौतुक झालं. "बघा, परदेशी माणूस असून!" असं लोक म्हणाले. या 'असून'मध्ये सगळं आलं. तंबाखूवाल्यानं हेच केलं असतं तर कुणी कौतुक केलं नसतं. ते त्याचं कामच होतं. परक्यानं केलं तर उपकार, नाही केलं तरी चालतं. त्यांचं करणं आणि माझं न करणं, दोन्ही गावाच्या वहीबाहेर राहिलं. वहीत एकच नाव होतं, त्या खाली मान घालून उभ्या राहिलेल्या माणसाचं.

परदेशी राहणाऱ्यांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा हक्कांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. इटलीचं नागरिकत्व मागायला युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. ती मुदत पाच वर्षं करावी म्हणून जून २०२५ मध्ये सार्वमत झालं, पण पुरेसे मतदार न आल्यानं ते निष्फळ ठरलं. परक्याला यजमानानं कसं वागवावं हा प्रश्न जुना आहे. कांटनं १७९५ च्या निबंधात त्याचं उत्तर मोजून-मापून दिलं: परक्याला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये एवढा त्याचा हक्क, पाहुणचाराचा नव्हे. आपल्याकडे तर पाहुण्याला देव मानायला शिकवलं. दोन्हीकडे प्रश्न यजमानाच्या कर्तव्याचा. पाहुण्याचं कर्तव्य काय, हे कुणी फारसं विचारत नाही. देवाला कोण भांडी घासायला सांगतं? पण ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, तो घरातला कसा?

मी कायदाही वाचून पाहिला, अपराधी माणूस वाचतो तसा. इटलीच्या दंडसंहितेचं ५९३ वं कलम सांगतं की जखमी किंवा संकटातला माणूस आढळला आणि तुम्ही मदत केली नाही वा अधिकाऱ्यांना कळवलं नाही, तर तो गुन्हा. भारतात कायदा दुसऱ्या टोकानं येतो: २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. एक कायदा न करणाऱ्याला शिक्षा देतो, दुसरा करणाऱ्याला अभय देतो. मी दोन्हींत बसत नव्हते. मला कुणी 'आढळलं' नव्हतं. मला फक्त एक बंद झडप दिसली होती. रोज घडणारी गोष्ट आज घडली नाही, हे ज्याला दिसतं त्यालाच दिसतं. तिथे कायदा पोचत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला स्वतःलाच पटण्याजोगा वाटत आला आहे. शेजाऱ्याच्या खिडकीकडे लक्ष ठेवणारं गाव हे कुणाच्याही मोकळेपणाचा गळा घोटणारं गाव असतं. मी लहानपणी सांगलीला वाड्यात वाढले. कोण किती वाजता आलं, कुणाकडे कुणाची चप्पल दिसली, याची नोंद ठेवणारे डोळे मला ठाऊक आहेत. परदेशात आल्यावर पहिलं सुख मिळालं ते हेच, की इथे मला कुणी बघत नाही. ते सुख खोटं नव्हतं. आणि आपल्याकडची माणसं शेजारधर्माला फार जागतात असंही मी म्हणणार नाही. पुण्यात आम्ही राहत होतो तिथे एकदा वरच्या मजल्यावर दाराच्या कडीला दुधाची पिशवी दुपारपर्यंत लटकत होती. तिच्यावरून मी दोनदा ये-जा केली. वॉचमननं दार वाजवलं. तिथे तर मी परकी नव्हते.

म्हणजे परकेपण हे माझं कारण नव्हतं, सोयीचं निमित्त होतं. पुण्यात त्या निमित्ताचं नाव 'आपल्याला काय करायचंय' असं होतं.

तरीही लक्ष ठेवणं आणि लक्ष देणं यांत फरक आहे. लक्ष ठेवणाऱ्याला काहीतरी घडायला हवं असतं. लक्ष देणाऱ्याला काही घडू नये असं वाटतं. इटालियनमध्ये 'बादारे' हे क्रियापद या दुसऱ्या अर्थाजवळ जातं: सांभाळणं आणि दखल घेणं, दोन्ही. त्यावरून 'बादान्ते'. २००२ मध्ये कागदपत्रं नसलेल्या कामगारांना कायदेशीर करण्याची योजना आली तेव्हा सुमारे सात लाख अर्ज आले, आणि त्यांतले जवळपास निम्मे घरकाम आणि देखभाल करणाऱ्यांचे होते. एका देशानं आपल्या म्हाताऱ्यांकडे लक्ष देण्याचं काम बाहेरून आलेल्या बायकांवर सोपवलं. नावच 'लक्ष देणारी' झाल्यावर बाकीच्यांना लक्ष द्यायची गरज उरली नाही. ती दोन दिवस घरी गेली आणि गल्लीचे डोळे मिटले.

मी त्या पंजाबी गृहस्थांना विचारलं, तुम्हांला भीती नाही वाटली? परवाना दरवेळी नूतनीकरणाला जातो, पोलिसांचा संबंध येऊ शकतो, कुणी म्हणालं असतं हा दाराशी काय करत होता. माझ्यापेक्षा कचरण्याची कारणं त्यांच्याकडे कितीतरी जास्त होती. ते म्हणाले, "दीदी, गाय आपल्या वेळेला उठली नाही, तर जाऊन बघावं लागतं. मालकाला विचारत बसलो तर उशीर होतो." एवढंच. त्यांना यात विचार करण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि मी मात्र त्यावर विचारच करत बसले होते. या लेखात मी त्यांना 'ते' म्हणते आहे. तोंडानं बोलताना मात्र मी दोन वर्षं त्यांना 'तुम' म्हणत आले होते आणि ते मला 'आप'. परदेशात आल्यावरही एवढं आम्ही बरोबर आणलं होतं.

फेब्रुवारीत मी सिन्योरांना भेटायला गेले. त्या आता वृद्धाश्रमात होत्या. घरी परत येणार नव्हत्या. मी संत्री नेली होती. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर मी सांगितलं, की मी सव्वाआठला झडप बघितली होती. नऊला आणि साडेदहालाही.

दोन वर्षं त्या माझ्याशी 'लेई' म्हणून बोलत आल्या होत्या, म्हणजे आपल्या 'आपण'सारखं, अंतर राखून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग घंटी का नाही वाजवलीस?" तू म्हणून विचारलं. मुलीच्या आवाजात समजूत होती, या आवाजात राग होता. "मी तुझा नळ ऐकत होते," त्या म्हणाल्या. "भांडी घासत होतीस."

या 'तू'चं मला फार कौतुक करायचं नाही. याच गावात काही माणसं गोठ्यात काम करणाऱ्यांना पहिल्या भेटीतच 'तू' म्हणतात, आणि त्यात जवळीक नसते. मराठीतही मोलकरणीचा 'तू' वेगळा आणि लेकीचा 'तू' वेगळा. पण ज्याला जाब विचारला जातो तो 'तू' तिसरा. तो ऐकताना हायसं वाटत नाही.

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. संत्रं सोलून दिलं. त्यांनी अर्धं खाल्लं आणि अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

समोरचं घर आता रिकामं आहे. झडपा कायमच्या बंद. तंबाखूवाला हल्ली सातला दुकान उघडल्यावर एकदा रस्त्याच्या मध्यभागी येतो आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे बघतो. गेल्या आठवड्यात मला ताप होता, मी दहापर्यंत झोपले होते. घंटी वाजली. खाली तो उभा होता, काहीसा संकोचून. "झडप बंद दिसली," म्हणाला.