वायझर

“काका, वायझर गेलाय.” हडपसरच्या गॅरेजातला पोरगा असं म्हणाला, तेव्हा मी हातातल्या हेल्मेटची काच पाहिली. ती तर शाबूत होती. तो बोलत होता मोटरसायकलच्या हेडलाइटभोवतीच्या प्लास्टिकबद्दल. गाडीचं ते तोंडच. नंबर तिथे, गणपतीचं स्टिकर तिथे.

घरी येऊन शब्दकोश काढला. तीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर ही खोड जात नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘व्हिस’ म्हणजे चेहरा. त्यावरून सरदाराच्या शिरस्त्राणाची तोंडावर ओढायची लोखंडी झडप म्हणजे वायझर. पुढे इंग्रजीत मुखवट्यालाही हाच शब्द चालला. म्हणजे गॅरेजातला पोरगाच मूळ अर्थाच्या जवळ निघाला! आणखी मागे गेलं की लॅटिनमधला ‘पाहणे’ हा धातू लागतो. तो आपल्या ‘विद्’चा सख्खा भाऊ, त्याच ‘विद्’चा ज्यातून वेद आला. झाकणाऱ्या वस्तूचं नाव पाहण्याच्या धातूतून यावं, हे काही मला सुटेना.

देरिदा यांनी १९९३ साली मार्क्सवरच्या पुस्तकात हॅम्लेटच्या बापाच्या भुतावरून या झडपेचा मुद्दा काढला आहे: आतला आपल्याला पाहतो, आपल्याला मात्र त्याची नजर दिसत नाही. देवाचंही तसंच, असं म्हणायचा मोह होतो. पण त्यात दहशत फार आहे. तिरुपतीच्या बालाजीचे डोळे रुंद नामाने झाकलेले असतात. त्याची दृष्टी आपल्याला सोसणार नाही म्हणून, असं भाविक सांगतात. तिथे झाकण आहे ते पाहणाऱ्याच्या सोयीसाठी.

ईशावास्याच्या काण्व पाठातला पंधरावा मंत्र मी वर्गात कितीदा सांगितला असेल. सत्याचं मुख सोन्याच्या पात्राने झाकलंय, पूषा, ते दूर कर. शब्द ‘मुख’च आहे, बरं का. मुलांना मी सांगायचो, सोनं म्हणजे मोह, तो बाजूला सारा. परीक्षेला तेवढं पुरायचं. सोळाव्या मंत्रावर मात्र घाईने जायचो. त्यात ऋषी त्याच सूर्याला म्हणतो, किरण आवर, तेज गोळा कर, म्हणजे तुझं कल्याणतम रूप मला दिसेल. झाकण काढा एवढं मागून त्याचं भागत नाही. उघड्या तेजापुढे डोळे मिटणार, हे त्याला ठाऊक आहे.

सोलापूर रस्त्यावर सकाळी सातला पूर्वेकडे गाडी हाणणाऱ्याला हे दोन मंत्र वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. मोटारवाले कपाळावरची पट्टी खाली ओढतात आणि मगच त्यांना पुढचा ट्रक दिसतो. मला काचेचाच आधार, आणि माझ्या काचेवर चरे आहेत. दिवसा ते जाणवतही नाहीत. रात्री समोरून हेडलाइट आला की रस्ता नाहीसा होतो आणि चरेच तेवढे सोन्यासारखे झगझगतात.

चार दिवसांनी गाडी घ्यायला गेलो, तेव्हा हेल्मेटची काचही बदलायला दिली. पोरगा म्हणाला, “काळी टाकू? उन्हाचा त्रास नाही होणार.”

“आणि रात्री?”

“रात्री उघडून चालवायची, काका.”

रात्री उघड्या तोंडाने चालवलं की डोळ्यांत चिलटं जातात. मी पांढरीच घेतली. सकाळी मात्र डावा हात कपाळाशी धरावा लागतो, आणि तेवढ्यात नेमका गिअर बदलायची वेळ येते.