जिनिंगमधला मजूर आणि आरोग्याचा कायदा

1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने भारतातल्या कामगाराला उपचारांचा आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीच्या भरपाईचा हक्क दिला. त्याच कायद्याने हंगामी कारखाने मात्र वगळले. हंगामी कारखाना कोणता, हे सांगणाऱ्या यादीत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचे आहे आणि त्यामागोमाग प्रेसिंगचे. वऱ्हाडातल्या माणसाने या व्याख्येपाशी जरा थांबावे. अकोला, अकोट, दर्यापूर, अमरावती या पट्ट्यात शेतीबाहेरचे काम बहुतेकांना मिळाले ते जिनिंग-प्रेसिंगमध्येच. कापडगिरणीतला कामगार कायद्याच्या व्याख्येत बसला. सरकी काढून त्याच गिरणीला रुई पुरवणारा मजूर बसला नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही वगळणूक कायम ठेवली.

यामागे कुणाचा दुष्टावा नव्हता, कल्पनेचा जन्मच तसा झाला होता. 1883 मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगाराच्या पगारातून वर्गणी कापून, मालकाचा वाटा घालून आजारपणाचा विमा सक्तीचा केला. 1911 मध्ये ब्रिटन त्याच वाटेने गेले. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 मध्ये सरकारला दिलेला अहवालही याच विचाराचा होता. पगारपत्रक असेल तिथेच वर्गणी कापता येते. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात सरतो. मग तेच हात पेरणी-निंदणीला लागतात. अशा माणसाची वर्गणी कोण आणि कशातून कापणार?

भोर समितीने 1946 मध्ये वेगळे म्हटले होते: ऐपत नाही म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. त्या विचारातून पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, पण त्याला हक्काच्या कायद्याचे रूप आले नाही.

शेतमजुराच्या वाट्याला विमा आला तो साठ वर्षांनी, आणि योजना म्हणून. 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या पाच जणांना वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. त्याच वर्षी असंघटित कामगारांसाठी कायदाही झाला, पण त्याने ही योजना परिशिष्टात नुसती नोंदवली. परिशिष्टातली नोंद दाखवून कुणाला रुग्णालयाकडे काही मागता येत नाही.

2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. अमरावती त्यांत होता, अकोला नव्हता. अकोल्याला ती मिळायला नोव्हेंबर 2013 उजाडले. दर्यापूरच्या पिवळ्या किंवा केशरी कार्डावर हृदयशस्त्रक्रिया होत होती तेव्हा शेजारच्या अकोटमधले तसेच कार्ड निरुपयोगी होते. विमा कायदाही टप्प्याटप्प्यानेच लागू झाला होता, त्यामुळे टप्प्यांना माझी हरकत नाही. पण पुढचे सगळे बदलही शासन निर्णयांनीच झाले. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतले शुभ्र कार्डाचे शेतकरी सातबाऱ्यावर योजनेत आले, योजनेला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले, 2018 च्या आयुष्मान भारतशी सांधा जुळला आणि 2023 मध्ये सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी 5 लाखांची मर्यादा ठरली. ही वाढ मोठी आहे, तिने अनेकांचे प्राण वाचवले, हे मी मनापासून मानतो. पण जे एका शासन निर्णयाने मिळते ते दुसऱ्या शासन निर्णयाने आटू शकते.

विमा कायद्यातला कामगार लाभ नाकारला गेला तर कर्मचारी विमा न्यायालयात जातो. त्याला बाह्यरुग्ण विभागातली औषधे मिळतात, आजारपणात मजुरीचा ठरावीक हिस्साही मिळतो. जनआरोग्य योजना प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णाची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे मूत्रपिंडाचे विकार ही गावोगावची चिंता आहे, तिथे याचा अर्थ उघड आहे. डायलिसिस योजनेत बसते; पण मूत्रपिंडे निकामी होण्याआधी वेळेवर करायच्या रक्ताच्या तपासण्या आणि रोजच्या गोळ्या बसत नाहीत. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन रोज बुडतात, त्यांची भरपाई तर कुणाच्याच हिशेबात नाही.

पगारपत्रक नसलेल्यांना कायद्याने हक्क देता येतो, हे थायलंडने 2002 मध्ये दाखवले. तिथे पगारदारांच्या योजनांबाहेर राहिलेल्या सगळ्यांचा खर्च करांतून भागवला जातो. पण आपल्याला इतक्या दूर जायचीही गरज नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी महाराष्ट्रात आधी योजनाच होती. 1972 च्या दुष्काळात तिने लोकांना तगवले, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि राज्याने तेवढीच भर घातली. म्हणजे ज्याच्या पगारातून कापता येते त्याच्याकडून घेऊन, ज्याला पगारच नाही त्याचा हक्क उभा करण्याची रीत याच विधिमंडळाने बसवली होती. जनआरोग्य योजनेचा असाच कायदा करावा. त्यात बाह्यरुग्ण उपचार, बुडालेला रोज आणि दाद मागण्याची जागा ही तीन कलमे आधी लिहावीत.