आपद्धर्म रोजचा झाला तेव्हा

कांजूरमार्ग-भांडुपकडचा गंभीर रुग्ण बरेचदा सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नेला जातो. अशा कुठल्याही मोठ्या रुग्णालयात रात्री त्याला आधी हात लावतो तो रेसिडेंट: एमबीबीएस झालेला, एमडी-एमएस करणारा तरुण. नातेवाईक आशेने त्याच्या डोळ्यांकडे बघतात. ते डोळे किती तास मिटलेले नाहीत, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

सीनियर मंडळी म्हणतात, ‘आम्हीही असेच घडलो.’ जागरण हे तप आणि तपाशिवाय विद्या नाही, ही त्यामागची श्रद्धा. ती प्रामाणिक आहे, म्हणूनच तपासायला हवी.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याप्रमाणे अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असं सांगितलं आहे. सतराव्या अध्यायात तर हट्टाने देहाला पीडा देऊन केलेलं तप तामस ठरतं. शिवाय तप स्वतःहून स्वीकारावं लागतं. ड्यूटीच्या तक्त्यात नाव लागलं म्हणून जागणाऱ्याने काय स्वीकारलेलं असतं? खाटेवरच्या रुग्णाने तर कसलंच व्रत घेतलेलं नाही.

त्याचं काय पणाला लागतं, हे डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. सलग 24 तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात सुमारे 0.10 टक्के मद्य असल्यासारखं घसरतं. पहाटे चारला केसपेपरवर डोस लिहिताना दशांशचिन्ह एक घर सरकलं, तर औषध दसपट होतं.

मग या थकव्यावर उपाय म्हणून रेसिडेंटला व्यायामाचा सल्ला मिळतो. व्यायामाने मन हलकं होतं, हे खरंच. पण व्यायाम कोणी टाळावा, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिलं आहे: कामाने झिजलेले, शोक-भय-श्रमाने ग्रासलेले, फार मोठ्याने बोलणारे, भुकेले, तहानलेले. पोस्ट-ड्यूटी रेसिडेंटचंच हे वर्णन! त्याला जिमला पाठवणं म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या अंगावर ढकलणं. त्याला आधी झोप हवी. चरकाने ती शरीराच्या तीन उपस्तंभांत धरली आहे.

रुग्ण टेबलावर असताना घड्याळ बघून निघा, असं कोणीच म्हणणार नाही. त्या रात्री जागणं हाच धर्म. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र भुकेने कुत्र्याचं मांस घ्यायला निघतो, आणि त्याला दोष लागत नाही. पण तो आपद्धर्म; तेच रोजचं अन्न ठरवावं, असं महाभारत म्हणत नाही. आपण मात्र रेसिडेंटच्या बाबतीत नेमकं तेच केलं.

केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग जास्तीत जास्त 12 तास आणि आठवड्याला 48 तास काम लिहिलं होतं, फक्त ‘लवचिक’पणाची मुभा ठेवून. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला कमाल 74 तास सुचवले. म्हणजे सुधारणेची शिफारससुद्धा जुन्या नियमापेक्षा 26 तासांनी पुढे. निदान हे 74 तास ओलांडले गेले की कारण, वेळ आणि युनिटप्रमुखाची सही रजिस्टरात यावी. आपत्ती खरी असेल तर ती लिहायला कोणाची हरकत असणार?