नकाशाचा शब्द कितपत प्रमाण मानावा?

मोबाइलचे नेटवर्क पोचत नाही अशा प्रदेशासाठी टॅबलेटमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा म्हणजे ऑफलाइन नकाशा. स्पितीचे खोरे, लडाखमधले चांगथांग पठार, कच्छचे रण अशा ठिकाणी स्वतःची गाडी घेऊन कच्च्या वाटांनी हिंडणाऱ्यांची सगळी भिस्त त्याच्यावर असते. कोणते ॲप घ्यावे आणि कोणता टॅब घ्यावा, याचा निर्णय बहुधा किंमत, पडद्याचा आकार आणि सोयी पाहून होतो. मुळात मात्र हा ज्ञानशास्त्राचा प्रश्न आहे. न पाहिलेल्या वाटेविषयी दुसऱ्याने सांगितलेले मानावे का, कोणाचे मानावे आणि ते मानणे कुठे थांबवावे, हे त्यात ठरवायचे असते. भारतीय दर्शनांनी याच प्रश्नावर शतकानुशतके कसून वाद घातला आहे, आणि त्यातून निघालेल्या कसोट्या आजच्या प्रवाशाच्याही उपयोगी पडतात.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. आप्ताचे वचन म्हणजे शब्दप्रमाण. आप्त कोणाला म्हणावे, हे न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने सांगितले आहे. ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट करतो. हा मुद्दा फार मोलाचा आहे. कूळ, भाषा किंवा प्रतिष्ठा यांवरून आप्तता ठरत नाही. त्या विशिष्ट गोष्टीचे ज्ञान आहे की नाही, एवढ्यावरच ती ठरते. स्पितीच्या वाटेवरच्या बातलच्या पुढचा नाला आज कसा आहे, हे नुकताच तो ओलांडून आलेला ट्रकचालक सांगत असेल, तर तेवढ्या बाबतीत तो आप्त आहे. नावाजलेले ॲप त्या बाबतीत आप्त नाही.

ही कसोटी ॲपला लावायची तर आधी त्याचा नकाशा कोणी काढला हे पाहावे लागते. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही दोन्ही ॲपे ओपनस्ट्रीटमॅप या 2004 मध्ये सुरू झालेल्या खुल्या प्रकल्पाची माहिती वापरतात. हा नकाशा स्वयंसेवकांनी काढलेला आहे. कोणी स्वतः त्या वाटेने जाऊन जीपीएसची नोंद चढवतो, तर कोणी घरबसल्या उपग्रहाच्या छायाचित्रावरून रेघ ओढतो. पडद्यावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात, पण पहिलीच्या मागे पाहणे आहे आणि दुसरीच्या मागे अनुमान. रस्त्याचा पृष्ठभाग, त्याची प्रत, तो पाण्यातून जातो का, हे सांगायची सोय या नकाशात आहे. कच्च्या वाटांना तर एक ते पाच अशी श्रेणी देता येते. ज्या रेघेला असे तपशील जोडलेले असतात तिच्यामागे बहुधा जाणकार माणूस असतो. नुसती उघडी रेघ असेल तर ॲप अंदाजाने मार्ग आखते, आणि तो अंदाज आहे हे सांगत नाही. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी मार्गातल्या अवघड टप्प्यांवर बोट ठेवून हे तपशील वाचून घ्यावेत. ऑस्मअँडमध्ये ते विस्ताराने दिसतात. ऑर्गॅनिक मॅप्स वापरायला सोपे आणि हलके आहे, पण इतके उलगडून दाखवत नाही. कच्च्या वाटांच्या प्रवासासाठी ऑस्मअँड शिकायला लागणारा वेळ सत्कारणी लागतो. गूगल मॅप्सचा उतरवलेला भाग गाडीरस्त्यांपुरता चांगला चालतो, मात्र तो वेळोवेळी ताजा करावा लागतो आणि डोंगरी पाऊलवाटांना त्याचा फारसा उपयोग नाही.

खबरदारी म्हणून दोन ॲपे ठेवण्याची रीत चांगली आहे, पण तिच्यात एक मोठी फसगत दडलेली असते. दोन्ही ॲपे ओपनस्ट्रीटमॅपवरच उभी असतील तर ते दोन साक्षीदार होत नाहीत. एकाच साक्षीदाराने दोनदा दिलेली ती जबानी असते. दोन्हीकडे वाट सारखी दिसली म्हणून खात्री वाढत नाही. खरी पडताळणी हवी असेल तर माहितीचा उगमच वेगळा हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे, उपग्रहाची छायाचित्रे किंवा स्थानिक माणसाचे सांगणे हे असे वेगळे उगम आहेत. उंचीच्या रेषांचेही तसेच. अनेक ॲपांतल्या समोच्च रेषा फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून 11 दिवस केलेल्या रडार सर्वेक्षणातून निघाल्या आहेत. त्या माहितीतले बिंदू साधारण 30 मीटर अंतरावर असल्याने उतार कळतो, पण त्यातली छोटी घळ किंवा उभी दरड निसटून जाते. ॲप बदलले तरी ही उणीव तशीच राहते.

आप्ताचे ज्ञान खरे असले तरी ते केव्हाचे आहे, हाही प्रश्न असतो. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली ते लेह हे अंतर 46 किलोमीटरने घटले. त्याआधी उतरवलेला नकाशा लाहौलला जाणाऱ्याला 3,978 मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीवरूनच नेणार. तो खोटे बोलत नाही. जेव्हा बोलला तेव्हा ते खरेच होते. ग्रामफू ते बातल या टप्प्यात तर दिवसांचाही नव्हे, तासांचा हिशेब असतो. हिमनद्यांचे पाणी घेऊन येणारे नाले तिथे थेट रस्त्यावरून वाहतात. पहाटे बर्फ वितळणे थांबलेले असते, त्यामुळे पाणी कमी असते. ऊन चढले की ते वाढत जाते आणि दुपारी सकाळचीच वाट गाडीला झेपेनाशी होते. नकाशात मात्र अष्टौप्रहर तीच एक रेघ असते. स्थळ सांगण्यात नकाशा आप्त आहे, काळ सांगण्यात नाही. हा भेद ओळखणाऱ्याने तो टप्पा भल्या सकाळी गाठावा.

नकाशावर जे नाही त्याचे काय? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही हे कळते. पण त्याला त्यांनी एक कडक अट घातली आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर ती तिथे नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. मोठ्या शहरातल्या भागाचा नकाशा हजारोंनी तपासलेला असतो, म्हणून तिथे गल्ली दिसली नाही तर ती बहुधा नसतेच. चांगथांगच्या कोऱ्या पडद्याला ती योग्यता नाही. तिथे वाट दिसत नाही याचा अर्थ कोणी नोंदली नाही एवढाच असू शकतो. पेट्रोल पंपाची नोंद नाही, पुलाची नोंद नाही, सैन्याच्या हद्दीची नोंद नाही, यावरूनही काही ठरवता येत नाही. नवख्या प्रवाशांच्या चुका चुकीच्या रेघांमुळे जशा होतात, तशाच या कोऱ्या जागांच्या चुकीच्या वाचनामुळेही होतात.

याहून सूक्ष्म फरक मीमांसकांनी वर्णन आणि विधी यांत केला आहे. वस्तू कशी आहे हे सांगणारे वाक्य वेगळे आणि काय करावे हे सांगणारे वेगळे. नकाशा हे वर्णन आहे. ॲपचा आवाज डावीकडे वळायला सांगतो तेव्हा त्याच वर्णनाला आज्ञेचे रूप येते, आणि ऐकणारा वर्णन तपासायचे सोडून आज्ञा पाळू लागतो. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. केव्हाच वापरातून गेलेल्या कच्च्या वाटा उपकरणांच्या नोंदीत तशाच राहिल्या होत्या, आणि भर उन्हाळ्यात त्यांवरून आत गेलेल्या गाड्या वाळूत रुतल्या. 2009 च्या ऑगस्टमध्ये अशा एका प्रसंगात एका बालकाचा जीव गेला. दिशादर्शक उपकरणावर विसंबू नये, असे ते उद्यान प्रवाशांना आजही बजावते. कच्च्या वाटांवर आवाज बंद ठेवून नुसता नकाशा पाहत जाणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे आहे. बोलणारे थांबले की पाहणारा जागा राहतो.

दुसऱ्या प्रवाशाने दिलेली, त्याच्या वाटेची नोंद असलेली जीपीएक्स फाइल अनेकांना सर्वांत भरवशाची वाटते. ती देणारा खरोखर त्या वाटेने गेलेला असतो, हे खरेच. पण तो मोटारसायकलवर होता की चारही चाकांना ताकद देणाऱ्या जीपमध्ये, हे फाइलमधल्या बिंदूंवरून सहसा कळत नाही. त्याची गाडी गेली म्हणून आपली जाईल, या अनुमानातला हेतू, म्हणजे त्याचा आधार, सदोष आहे.

ॲपनंतर टॅबलेट. इथे प्रश्न माहितीचा नसून ती पोचवणाऱ्या साधनाचा आहे, आणि ज्ञानाच्या साधनात दोष असला की ज्ञान बिघडते यावर दर्शनांचे फारसे दुमत नाही. सर्वांत महागात पडणारा दोष साधा आहे. केवळ वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसचा ग्राहक नसतो. तो सिमकार्ड घेणाऱ्या प्रकारातच असतो. गंमत अशी की घरी चाचणी घेतली तर वायफायवाल्या आयपॅडवरही ठिपका बरोबर जागी दिसतो, कारण तो आजूबाजूच्या वायफायवरून जागा ओळखतो. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात असे दाखले दिले आहेत. मिटलेल्या मुठीत पाच कवड्या आहेत असे कोणी अंदाजाने म्हणतो आणि त्या पाचच निघतात. धुके पाहून धूर समजणारा अग्नी असल्याचे ठरवतो आणि योगायोगाने तिथे अग्नी असतो. उत्तर बरोबर असले तरी त्याला ज्ञान म्हणता येत नाही, कारण ते येण्याची वाट चुकीची होती. पुण्यातल्या घरात बरोबर दिसलेला ठिपका काझाच्या पुढे हरवतो, तो याच कारणाने. चाचणी घ्यायची तर सिम आणि वायफाय दोन्ही बंद करून, मोकळ्या आकाशाखाली, अनोळखी रस्त्यावर घ्यावी. उपग्रहाचे संदेश घ्यायला इंटरनेट लागत नाही, पण नेटवर्कची मदत नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा धीर धरावा.

बाकीचे दोष ओळखायला सोपे आहेत. आयपॅडसाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस हे वापराचे तापमान सांगितलेले आहे. काचेमागे उन्हात ठेवलेला टॅब ते सहज ओलांडतो आणि स्वतःच बंद पडतो. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेसारखे मजबूत बांधणीचे, धूळपाण्याला दाद न देणारे आणि बॅटरी काढता येणारे टॅब खडबडीत वाटांसाठी अधिक बरे. आठ इंचांच्या आसपासचा पडदा पुरतो. त्याहून मोठा टॅब धक्क्यांनी होल्डरमध्ये डुलतो आणि समोरची वाट झाकतो. दुसऱ्या फोनवर तोच नकाशा आणि कागदी नकाशाची एक प्रत जवळ असावी. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांचे प्रीपेड सिम चालत नाही, हे तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही. त्याला पर्याय म्हणून सॅटेलाइट फोन न्यावा म्हटले, तर परवानगीशिवाय तो बाळगणे भारतात गुन्हा आहे.

आता मुख्य वाद. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक पुरावा येईपर्यंत ते खरे मानून चालावे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून ठरते. त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की ते खरे ठरते. प्रवासात दोन्ही मतांना जागा आहे, पण वेगवेगळी. डांबरी रस्त्यावर, परतीचा मार्ग उघडा असताना मीमांसकांची वाट धरावी. प्रत्येक वळणाला शंका घेतली तर प्रवासच होणार नाही. पाणी, चिखल, दरड किंवा उतार समोर आला, म्हणजे जिथून मागे फिरणे अवघड आहे, तिथे नैयायिकांचे ऐकावे: गाडीतून उतरावे, काठीने पाण्याची खोली पाहावी, चालत पलीकडे जाऊन यावे, आणि मगच नकाशा खरा म्हणावा. बाधक प्रत्यक्ष आणि नकाशाचा शब्द यांत विरोध आला तर प्रत्यक्ष जिंकते, यात शंका नसावी. आणि वाट आहे म्हणून जाण्याचा अधिकारही आहे असे होत नाही. त्सो मोरीरी परिसरातल्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. तिथे टायरचा माग दिसला तरी तो गिरवू नये.

ज्याने वाट डोळ्यांनी पाहिली तो त्या वाटेपुरता आप्त झाला, आणि सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. परतणाऱ्या प्रत्येकाने खचलेला रस्ता, वाहून गेलेला पूल, बंद झालेला ढाबा यांची नोंद तारखेसह ओपनस्ट्रीटमॅपवर करावी. ऑस्मअँडमधून ती वाटेवरच लिहून ठेवता येते आणि नेटवर्क आल्यावर पाठवता येते.