नगर वाचविणारा दरिद्री मनुष्य

शास्त्रपाठ : उपदेशक 9:14-15

या पाठात एका लहान नगराची गोष्ट आहे. बलाढ्य राजाने त्यास वेढा घातला. एका दरिद्री परंतु शहाण्या मनुष्याने ते सोडविले. पुढे त्याची आठवण कोणीही ठेविली नाही. शास्त्रात त्याचे नावसुद्धा आलेले नाही.

सेनगावकरांस ही गोष्ट परकी वाटू नये. आपला मुलूख निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला. आपली सुटका 17 सप्टेंबर 1948 रोजी झाली. मधल्या तेरा महिन्यांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसचे पुष्कळ लोक तुरुंगात गेले, आणि पुष्कळ पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कँपांत राहिले. वापटीचे बहिर्जी शिंदे धारातीर्थी पडले. वसमतच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. जे जिवंत परतले त्यांची परीक्षा निराळीच.

केंद्र सरकारने 1972 साली स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन सुरू केले. सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तितकेच भूमिगत जीवन, आणि त्यास पुरावा, अशी सर्वसाधारण अट. सरहद्दीच्या कँपांतील लोकांचा हक्क मान्य व्हावयास 1985 साल उजाडले. मुक्तीस तोवर सदतीस वर्षे झाली होती! कित्येक त्याआधीच मातीस मिळाले असतील.

आणि पुरावा तरी कोठून आणावा? भूमिगताने चिठ्ठी वाचून चुलीत घालावयाची. कागद सापडला तर दहाजणांचे प्राण जावयाचे. ज्याने हे काम चोख केले, त्याच्याच हाती शेवटी काही उरले नाही. रात्री भाकरी बांधून देणाऱ्या बाईची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

उलटपक्षी, ज्याने काही केले नाही त्यास कागद तयार करण्यास सवड असते. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व 2005 साली त्याचा निकाल झाला. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा येथे सरकारी पैशापुरती नाही. एका खोट्या सहीमुळे दहा खऱ्या वृद्धांकडे कचेरी संशयाने पाहू लागते. मला तर ही चोरी अधिक वाईट वाटते.

न्यायालयाने मात्र दयाबुद्धी दाखविली, हेही सांगितले पाहिजे. 1938-39 च्या हैदराबादेतील आर्य समाजाच्या सत्याग्रहींविषयी 1993 साली त्याने ठरविले की अर्ज उशिरा आला एवढ्यावरून तो नाकारू नये. 2001 सालीही त्याने म्हटले की इतक्या जुन्या गोष्टीस फौजदारी खटल्याचा काटेकोर पुरावा मागू नये.

उपदेशक बंधूंनो, ते वृद्ध आता बहुतेक गेले. त्यांच्या सुना व नातू आहेत. आपण घरोघर प्रार्थनेस जाता, तेव्हा वही बरोबर असू द्या. नाव, गाव, कोणता कँप, किती महिने, आणि हे कोणी सांगितले, इतके लिहावे. डोळ्यांनी पाहिलेले निराळे व ऐकीव निराळे लिहावे.