शस्त्र, शिल्प आणि पूजा

खंडेनवमीस चाकणजवळच्या कुरुळीच्या आसपासच्या कारखान्यांत लेथला, प्रेसला हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात. आणि त्याच दिवशी एखाद्या जुन्या घराण्यात तलवारीशेजारी पाटावर ठासणीची बंदूकही मांडली जाते. यंत्राची पूजा समजण्यास कठीण नाही, कारण त्यावर कुटुंबाचा चरितार्थ चालतो. परंतु जिचे प्रयोजनच प्राणहरण, त्या वस्तूला अक्षता वाहणाऱ्या आणि तरीही पतंजलींच्या यमांत अहिंसेला अग्रस्थान देणाऱ्या आपल्या परंपरेच्या मनात कोणती संगती आहे, हा प्रश्न गांभीर्याने विचारला पाहिजे.

त्यासाठी आधी ही बंदूक ओळखून घेऊ. याच चाकणच्या संग्रामदुर्गाला 1660 साली शाएस्तेखानाचा वेढा पडला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजविला, तेव्हा हिंदुस्थानात प्रचार होता तो जळत्या तोड्याने रंजक, म्हणजे कानाजवळची दारू, पेटविणाऱ्या बंदुकांचा. चकमकीच्या बंदुकीचा प्रसार आपल्याकडे पुढे अठराव्या शतकात झाला. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी युरोपीय सेनानी डी बॉइनने उभ्या केल्या, तेव्हा त्यांच्यासाठी आग्र्यास तोफाबंदुकांचा कारखानाही निघाला.

या चकमकीच्या रचनेकडे क्षणभर जवळून पाहावे. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या घडीत आवळलेली गारगोटी असते. चाप ओढताच घोडा पोलादी पट्टीवर आदळतो, त्याच आघाताने ती पट्टी उलटून रंजकाचा प्याला उघडा पडतो, ठिणग्या त्यात उतरतात आणि ज्वाळा कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, नळीतल्या दारूपर्यंत पोहोचते. पट्टीचे पोलाद मऊ राहिले तर ठिणगी पडत नाही. आतल्या कमानीला पाणी अधिक बसले तर ती ऐन वेळी मोडते. तापमापक यंत्र नसताना केवळ तापलेल्या धातूचा रंग पाहून ही मर्यादा ओळखणारा लोहार, नळीला डोळा लावून तिचा बाक काढणारा कारागीर आणि लाकडी दस्ता तिच्याशी तंतोतंत बसविणारा सुतार यांची एकाग्रता साधकाच्या एकाग्रतेहून हीन मानता येत नाही. स्वकर्म हीच ईश्वराची अर्चना, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो, तो अशाच माणसांविषयी.

तथापि शिल्पाच्या सौंदर्याने शस्त्राचा दोष धुतला जातो, असे म्हणणे ही आत्मवंचना होईल. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात अठराव्या शतकात जर्मन वंशाच्या कारागिरांनी मेपल लाकडाच्या दस्त्याच्या, आतून पेचदार खाचा पाडलेल्या लांब नळीच्या रायफली घडविल्या, आणि त्यांत मोरेव्हियन पंथाचे लोकही होते. ज्या पंथीयांना शस्त्र धरणे धर्मबाह्य वाटे म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने 1749 साली लष्करी चाकरीतून सवलत दिली होती, त्यांच्याच कारखान्यात उत्तम रायफली तयार होत. शिकारीवर जगणाऱ्या मुलखात ते चरितार्थाचे साधन होते हे खरे. परंतु हरणावर रोखलेली नळी माणसावरही रोखता येते, आणि कर्त्याच्या हेतूची शुद्धता वस्तूबरोबर प्रवास करीत नाही.

मग पूजेचा अर्थ काय? पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे शमीवर ठेवली, या कथेत मला त्याचे उत्तर दिसते. शस्त्र देवतेपुढे ठेवणे म्हणजे ते आपल्या अहंकाराच्या ताब्यातून काढणे, त्याच्यावर आपल्याहून श्रेष्ठ अशा धर्माचा अंमल मान्य करणे होय. पाटावर मांडलेले शस्त्र त्या वेळेपुरते कोणाचेही शत्रू नसते. जी बंदूक काळानेच कायमची निकामी केली, ती या पूजेला सर्वांत पात्र आहे. कारण तिच्यातील हिंसा सरली आहे आणि विद्या शिल्लक आहे.

येथे अशा बंदुका जपणाऱ्या संग्राहकाची कसोटी लागते. अपरिग्रह हाही यमच. आणि अभिमानासाठी केलेला साठा शस्त्राला पुन्हा सत्तेचे चिन्ह बनवितो. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी शस्त्रांपासून अडकित्त्यांपर्यंत हजारो वस्तू आयुष्यभर वणवण करून जमविल्या, त्या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव दिले, आणि अखेर तो सर्व शासनाच्या, म्हणजे समाजाच्या, स्वाधीन केला. परिग्रहाचे त्यागात रूपांतर कसे होते, याचा याहून निर्मळ दाखला मला ठाऊक नाही. संग्राहक हा धनी नव्हे, विश्वस्त आहे.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी बंदूक गंज खात पडली असेल, त्यांना माझी विनंती आहे की, ती भंगारात किंवा दलालाच्या हाती देऊ नये. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे तिची स्थिती तपासून घ्यावी, शक्य तर ती संग्रहालयास द्यावी, आणि येत्या खंडेनवमीस ती चालविणाऱ्याइतकेच ती घडविणाऱ्यालाही वंदन करावे.