खालच्या पायरीचे शब्द

सप्टेंबर 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य महाराजांचेच, पण ते राखायचे कसे, तर ‘सबॉर्डिनेट को-ऑपरेशन’च्या नात्याने, असे त्यात इंग्रजीत नमूद आहे. म्हणजे ताबेदारी पत्करून सहकार्य. छत्रपतींच्या वंशजाला कंपनीने खालच्या पायरीवर बसवले आणि वर ‘सहकार्य’ म्हणून गोड बोलली. ती पायरी किती खालची होती, हे 1839 मध्ये महाराजांना पदच्युत केले तेव्हा उघड झाले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी थेट लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे अर्जविनंत्या करत राहिले.

गंमत अशी की हेच इंग्रज पत्राखाली सही करताना स्वतःला ‘मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ म्हणवून घेत. अत्यंत आज्ञाधारक नोकर! साहेबाला तसे लिहायला काहीच मोल पडत नव्हते, कारण कोणी त्याला खरोखरचा नोकर समजण्याची भीती नव्हती. आपल्याकडेही वेगळे काय होते? नारायण सूर्याजीपंत ठोसर ‘रामदास’ झाले, सज्जनगडावर राहिले आणि समर्थ म्हणून पूजले गेले. दासपण आपणहून घेतले की ते भूषण ठरते. गावची वेस राखणाऱ्या महार येसकराला मात्र ते न मागता, जन्मासोबतच मिळत होते. सरकारी टपाल पोचव, साहेबाच्या घोड्यापुढे पळ, मयताचा सांगावा घेऊन परगावी जा; आणि मोबदल्यात वतनाचा तुकडा व दारोदारची भाकरी. त्याच्या नम्रतेला कोणी नम्रता म्हटले नाही. ती त्याची चाकरी होती.

शब्दाने माणूस किती झटकन खाली जातो, ते मसूरच्या रेल्वे स्टेशनवर दिसले. 1901 च्या सुमारास साताऱ्याहून काही मुले आगगाडीने तिथे उतरली. वडील परगावी कॅशिअर होते, त्यांच्याकडे सुट्टीला निघालेली. अंगात इंग्रजी धाटणीचे सदरे, डोक्यावर झगमगत्या टोप्या, नेसायला रेशीमकाठी धोतरे. न्यायला कोणी आले नव्हते म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली; पेहरावावरून मुले ब्राह्मणाची असावीत असा त्यांचा समज. तुम्ही कोण, असे विचारताच एका मुलाने फारसा विचार न करता ‘महार’ अशी जात सांगितली. मास्तरांचा चेहरा उतरला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. पुढे दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान मुलांसोबत बसायला तयार होईना. शेवटी ठरले असे की मुलांनी बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. उत्तर देणारा तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत तो 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल झाला होता, तिला आज प्रतापसिंह महाराजांचेच नाव आहे.

पुढे 1928 मध्ये आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या जोखडाविरुद्ध विधेयक आणले. वतने गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, 1958 च्या कायद्याने. त्याचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे इन्फिरिअर व्हिलेज वतन्स अ‍ॅबॉलिशन अ‍ॅक्ट’, मराठी दप्तरात ‘कनिष्ठ गाव वतन’. कनिष्ठपण रद्द करायला निघालेल्या कायद्याने कनिष्ठ हे विशेषण स्वतःच्या कपाळावर कायम ठेवले. वतनी जमिनीच्या व्यवहारात सातारा-सांगलीच्या तहसील कचेऱ्यांत आजही हेच नाव निघते.

शब्द उलटा फिरवण्याचा धडाही याच मुलखाने घालून दिला. ‘रयत’ म्हणजे सारा भरणारी, मान खाली घालणारी प्रजा. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी संस्था काढली, तेव्हा भारदस्त संस्कृत नाव शोधत न बसता तिला ‘रयत शिक्षण संस्था’ म्हटले. 1924 मध्ये संस्था साताऱ्यात आली. तिच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. दाणागोटा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. 1947 मध्ये ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. आज कराडकडे ‘पोरगा रयतमध्ये लागला’ असे आईबाप छाती काढून सांगतात. शब्द तोच, त्याची पत बदलली ती कुठल्या फर्मानाने नव्हे, तर पंगतीने आणि पुस्तकाने.

जुन्या सवयी कागदावर मात्र चिवटपणे टिकतात. विहिरीच्या नोंदीसाठी कचेरीत गेलेला शेतकरी अजून ‘मे. तहसीलदारसो यांचे सेवेशी’ अशी सुरुवात करतो आणि शेवटी ‘मेहेरबानी व्हावी’ म्हणतो. त्या ‘सो’मध्ये साहेब दडलेला आहे आणि ‘सेवेशी’मध्ये जुना हुजूर. कायद्याने तहसीलदार हा लोकसेवक. सेवा त्याने करायची, आणि नोंद मागणे हा शेतकऱ्याचा हक्क. अर्जाच्या माथ्यावर नुसते ‘प्रति, तहसीलदार’ लिहिले तरी काम भागते. अर्ज लिहून देणाऱ्यांनी आणि छापील नमुने काढणाऱ्यांनी ते ‘सेवेशी’ आता खोडून टाकावे.